'मार्गी लागणं' आणि 'मकसद'

मुक्काम_लातूर: अभ्यासिकेतल्या मुलांसाठी समुपदेशनाची एक पुस्तिका मराठीत आणतोय. 'सेन्स ऑफ पर्पज'पाशी अडलोय. 'ध्येय' लिहिलं की मुलांना 'नीट'ची नाहीतर राज्यसेवेची परीक्षा दिसते, आणि ते हुकलं की सगळं संपलं असं वाटतं. मला त्याच्या मागचं हवंय : सकाळी उठावंसं कशासाठी वाटतं, ते. 'जीवनहेतू' जिभेवर बसत नाही. 'मार्गी लागणं' चालेल?

गोदाकाठची: नाही चालणार. आमच्या नांदेडकडं पोराला नोकरी लागली, पोरीचं लग्न झालं की लेकरं मार्गी लागली. माझा भाऊ या हिशेबानं केव्हाच मार्गी लागलाय, तरी म्हणतो, "ताई, कशातच मन लागंना." पुस्तिका अशांसाठीच ना?

समास: 'प्रयोजन' घ्या. काव्यप्रयोजन सगळ्यांनी अभ्यासलंय. जगण्याचं प्रयोजन, सरळ अर्थ.

परभणीकर: "अमक्याकडं प्रयोजन आहे" असं आजी म्हणाली की आम्ही जेवायला तयार! तो शब्द मुलांना परका वाटेल. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकलेले. १९४८ नंतरही "जिंदगीला मकसद पाहिजे, बाळा" हेच म्हणत. 'मकसद' का नको?

समास: छापील मराठीत उर्दू शब्द कशाला? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?

परभणीकर: तो कोश दरबारी कारभारातल्या फारसी शब्दांसाठी होता. 'कागद', 'हिशेब', 'जिंदगी' आजही आपलेच आहेत. आजोबांचं मराठी अशुद्ध होतं, हे मी मानणार नाही.

कोशवेडा: इथं एक गंमत आहे. 'दिशा' आणि 'उद्देश' एकाच धातूतले : दिश्, म्हणजे दाखवणं. 'मकसद' अरबी 'कस्द'वरून, म्हणजे मनात धरून निघणं. निरोप घेऊन जाणारा 'कासीद' त्याच घरातला. माझ्या मते उद्देश कुणीतरी दाखवलेला असतो, मकसद निघालेल्याचा स्वतःचा. मुलांना दुसराच हवाय.

गोदाकाठची: व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. 'उद्देश' आज संस्थेच्या घटनेत असतो, 'मकसद' सिनेमात. माझ्या भावाला विचारलं तर तो "कशापायी जगायचं" एवढंच म्हणेल. तेच लिहा. 'पायी' घरात बोलतात, परीक्षेत नाही, म्हणून ते लागतं.

मुक्काम_लातूर: 'कशापायी' आवडलं. पण मथळ्याला नाम पाहिजे.

समास: 'कशापायी'त तक्रारीचा सूर आहे. "कशापायी आलास?" असं पाहुण्याला विचारून बघा.

गोदाकाठची: "लेकरांपायी राबते" यात कुठली तक्रार? आमची आई हे अभिमानानं सांगते.

परभणीकर: आमच्याकडं दोन्ही. "तुझ्यापायी मार खाल्ला" हेही आहेच.

कोशवेडा: मग हा 'पायी' पायातलाच का? 'पायी वारी' आणि 'तुझ्यापायी' एकच धरायचे का? जालना-बीडकडची मंडळी 'पायी' म्हणतात की 'पायीं'त अनुनासिक ऐकू येतो?

परभणीकर: जुन्या पोथ्यांत 'पायीं' अनुस्वारासह आहे, सप्तमी. बोलताना मात्र आजीच्या तोंडी नाकातला सूर मी कधी ऐकला नाही.