मुलाखतीचे गुण आणि पुढचं काम जुळत नाही. निष्कर्ष काय काढायचा?

नवशिका:
भरती आणि गळती या विषयावर प्रकल्प करतोय. हातात एका संस्थेची ५ वर्षांची नोंद आहे: रुजू झालेले २१२ जण, त्यांच्या तारखा आणि सोडून गेलेल्यांनी शेवटच्या दिवशी भरलेले फॉर्म. मुलाखतीचे गुण आणि पहिल्या वर्षाचं मूल्यमापन असं दोन्ही मात्र ६० जणांचंच आहे. तीन ठिकाणी अडलोय.

१) या ६० जणांत दोन्ही गुणांचा सहसंबंध (दोन्ही किती जोडीने वर-खाली होतात ते सांगणारा आकडा; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.१५ येतो. मुलाखत निरुपयोगी असं लिहायचं का?
२) लोक किती टिकतात हे काढायला सोडून गेलेल्यांची सरासरी घेतली, १४ महिने आली. मार्गदर्शक म्हणतात हे चूक आहे. का?
३) फॉर्मवर निम्म्याहून जास्त लोकांनी 'चांगली संधी' लिहिलंय. यातून काय हाती लागतं?

रिकामी_खुर्ची:
पहिल्या प्रश्नापुरतं. तसं अजिबात लिहू नका. तुमच्या ६० जणांत मुलाखतीत नापास झालेला एकही माणूस नाही. सगळे वरच्या गुणांचे, म्हणून गुणांतला फरकच कमी, आणि फरक कमी की सहसंबंध आपोआप आक्रसतो. खालच्या गुणांची माणसं कामाला घेतली असती तर ती कशी निघाली असती, हे या आकड्यात येतच नाही.

नाकारलेल्या उमेदवारांच्या गुणपत्रिका मिळवा. समजा सगळ्या उमेदवारांच्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १२ आहे आणि निवडलेल्यांचं ६. गुणोत्तर २. आता ०.१५ ला २ ने गुणा: ०.३०. छेदात ०.१५ चा वर्ग (०.०२२५) गुणिले २ चा वर्ग वजा १ (म्हणजे ३), त्यात १ मिळवून वर्गमूळ: १.०३. उत्तर साधारण ०.२९. पण निवड याच गुणांवर झाली असेल तरच हे सूत्र चालतं. ओळखीवर किंवा वेगळ्या परीक्षेवर झाली असेल तर नाही.

शिवाय ६० ही संख्या लहान आहे. ०.१५ भोवतीचा ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) उणे ०.११ ते अधिक ०.३९ इतका पसरतो. इतक्या ढगळ आकड्यावरून 'निरुपयोगी' म्हणता येत नाही आणि 'उपयोगी'सुद्धा नाही.

आणि एक गोष्ट आधी तपासा: मुलाखत घेणारा आणि वर्षाअखेरीस मूल्यमापन करणारा माणूस एकच आहे का? असेल तर तो स्वतःच्याच निवडीला गुण देतोय. ती नावं वेगळ्या रकान्यात घ्या आणि माणूस एकच असलेला व वेगळा असलेला, असे दोन्ही गट वेगळे मोजा.

नवशिका:
धन्यवाद. मग अहवालात ०.२९ लिहू?

रिकामी_खुर्ची:
दोन्ही लिहा, आधी ०.१५. ०.१५ चं ०.२९ करणारी ही दुरुस्ती सढळ हाताने वापरण्यानेच या विषयात मोठा घोळ झालाय. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, त्यात कामाशी असलेला सहसंबंध म्हणून ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला ०.५१ आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला ०.३८ दिले होते. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुरुस्ती जिथे लागू नव्हती तिथेही केली गेली होती. नवे आकडे ०.४२ आणि ०.१९. नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा तर ०.०७! म्हणून जाहिरातीतली 'किमान ५ वर्षे अनुभव' ही अट पाहिली की हसू येतं.

तक्तेवाला:
दुसरा प्रश्न. १४ महिने ही सरासरी फक्त गेलेल्यांची आहे. जे ५ वर्षं टिकून अजून कामावर आहेत ते त्यात नाहीत, म्हणजे सगळ्यात जास्त टिकणारेच गाळलेत. त्यांचा आजवरचा काळ मिळवून सरासरी काढली तरी चूकच, कारण त्यांची नोकरी अजून संपलेली नाही.

साधं उदाहरण. १०० जण रुजू झाले. पहिल्या ६ महिन्यांत २० गेले. उरलेल्या ८० पैकी ३० जणांचे ६ महिने आत्ताच भरलेत, त्यांचं पुढे काय होणार ते माहीत नाही. उरलेल्या ५० पैकी १० जण पुढच्या ६ महिन्यांत गेले. वर्षभर टिकण्याचं प्रमाण किती? '१०० पैकी ३० गेले, म्हणून ७० टक्के' म्हणाल तर नवे ३० जण टिकलेच असं धरलंत. त्यांना वगळून '७० पैकी ४०' केलंत तर ५७ टक्के येतात, कारण पहिले ६ महिने ते टिकले ही माहिती फेकून दिलीत. बरोबर रीत टप्प्याटप्प्याने: ८०/१०० गुणिले ४०/५०, म्हणजे ६४ टक्के. काप्लान आणि मायर यांची १९५८ ची पद्धत ती हीच, फक्त टप्पे दर राजीनाम्याला पडतात.

तीन रकाने पुरतात: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची (किंवा नोंद थांबल्याची) तारीख, आणि गेला असेल तर १, नाही तर ०. काढून टाकलेले, निवृत्त झालेले आणि करार संपलेले यांना राजीनाम्यात मोजू नका. त्या तारखेपर्यंत धरून ० द्या. बदली झालेला माणूस बऱ्याच याद्यांत एकदा 'गेला' आणि पुन्हा 'आला' असा दोनदा सापडतो, तो जोडून घ्या.

यादी कुठून काढली तेही विचारा. पगारपत्रकावरून काढली असेल तर पहिल्या पगाराआधीच गेलेले त्यात नसतील, आणि गळती बहुधा तिथेच जास्त असते. वार्षिक दरावरही विसंबू नका. सरासरी १२० जणांच्या जागी वर्षात २४ गेले म्हणजे २० टक्के. पण २४ खुर्च्या एकेकदा रिकाम्या झाल्या की ४ खुर्च्या सहा-सहा वेळा, हे त्यातून कळत नाही, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे.

उंबरठा:
'चांगली संधी' हे कारण नाही, निरोपाची भाषा आहे. शेवटच्या दिवशी माणसाला शिफारस हवी असते, हिशेब पूर्ण व्हायचा असतो. साहेबांबद्दल खरं कोण लिहील? त्या रकान्याचा तक्ता करू नका.

शक्य असेल तर सोडून ३ ते ६ महिने झालेल्यांशी बोला. फोन संस्थेच्या माणसाने न करता तुम्ही करा. 'का सोडलंत?' विचारू नका, तयार उत्तर येतं. 'सोडावं असं पहिल्यांदा मनात आलं त्या आठवड्यात काय घडलं होतं?' असं विचारा. ली आणि मिचेल यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की बरेचदा हळूहळू साचलेली नाराजी नव्हे, तर एखादा धक्का माणसाला विचार करायला लावतो: डावललेली बढती, बदललेली पाळी, जवळच्या सहकाऱ्याचा राजीनामा. पगार रास्त वाटत असतानाही लोक जातात ते यामुळे.

आणि जे राहिलेत त्यांनाही विचारा, नाही तर तुलना कशाशी करणार? डावललेली बढती गेलेल्यांपैकी १० जणांनी सांगितली, पण राहिलेल्यांतही तितक्याच प्रमाणात लोक डावलले गेले असतील, तर ते कारण तिथेच पडलं.

रिकामी_खुर्ची:
उंबरठा, शेवटच्या परिच्छेदाला +१.

नवशिका, पुढच्या भरतीपासून नोंद नीट व्हावी असं संस्थेला वाटत असेल तर एवढं करायला सांगा. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उमेदवारात बघायचे ४-५ गुणविशेष ठरवा, प्रत्येकासाठी २ प्रश्न. प्रत्येक प्रश्नाखाली १, ३ आणि ५ गुणांचं उत्तर कसं असेल ते आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, 'एकाच तक्रारीसाठी ग्राहकाचा तिसऱ्यांदा फोन आला, काय कराल?' 'संबंधित विभागाकडे पाठवेन' याला १. 'माफी मागून पुन्हा तक्रार नोंदवेन' याला ३. 'आधीच्या दोन नोंदी उघडून काम कुठे अडलं ते बघेन, कधी कळवणार ती वेळ देईन आणि त्या वेळी स्वतः फोन करेन' याला ५.

गुण उत्तर संपताच टाकायचे, आणि मुलाखत घेणारे तिघे असतील तर तिघांनी आपापले कागद जमा केल्यावरच बोलायचं. आधी चर्चा झाली की ज्येष्ठाचं मत तिन्ही कागदांवर उतरतं आणि तीन गुणपत्रिकांची एकच होते. नाकारलेल्यांचे कागदही जपून ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी तेच आधी रद्दीत जातात.

नवशिका:
विचारलं. नाकारलेल्यांचे कागद फक्त शेवटच्या २ वर्षांचे आहेत. आणि यादी पगारपत्रकावरूनच काढलेली निघाली.

तक्तेवाला:
मग नेमणूकपत्रांची आवक-जावक वही मागा. त्यातली नावं पगारपत्रकाशी ताडून बघा. जी जुळणार नाहीत त्यांपैकी कोण रुजूच झालं नाही आणि कोण आठवड्याभरात गेलं, ते हजेरीवरून कळेल.