अस्खलित होईपर्यंत थांबू नका

'वेल्श नीट बोलता येईपर्यंत स्पर्धेत नाव देऊ नये, उगाच हसं होतं' असं कुणीतरी म्हटलं, ते मत मला अजिबात पटत नाही. राष्ट्रीय आइस्टेद्वॉद म्हणजे वेल्समधला दरवर्षीचा, वेल्श भाषेतला साहित्य-संगीताचा मोठा महोत्सव. त्यातली 'वर्षातील वेल्श शिकणारा' ही स्पर्धा 1983 पासून चालू आहे आणि ती व्याकरणाची परीक्षा नाहीच. परीक्षक गप्पा मारतात : भाषा का शिकायला घेतलीत, रोज कुठे वापरता, तिच्यामुळे आयुष्यात काय बदललं. 2022 चा विजेता मूळचा लंडनचा, 2023 ची विजेती स्कॉटलंडची. दोघांच्याही लहानपणी घरची भाषा वेल्श नव्हती.

आणि एवढ्या मोठ्या स्पर्धेचीच भीती वाटत असेल तर शिकणाऱ्यांसाठी पाठांतर, लेखन असल्या छोट्या स्पर्धाही असतात. मी वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, वेल्शच्या वर्गाच्या पहिल्याच वर्षी एका स्थानिक स्पर्धेत कविता म्हटली होती. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं शेपूट बदलतं, घोडा-घोड्याला. वेल्शमध्ये शब्दाचं तोंडच बदलतं. 'काएर्डीद' म्हणजे कार्डिफ, पण 'कार्डिफला' म्हणायचं तर 'इ गाएर्डीद'. मी नेमकी तिथेच अडखळले. पुढच्या रांगेतल्या आजींनी नुसत्या ओठांनी 'ग' दाखवला आणि मी पुढे गेले. बक्षीस नाही मिळालं, पण चहाच्या वेळी त्याच आजी माझ्या कोटावरचा शिकणाऱ्यांचा नारिंगी बिल्ला बघून जवळ आल्या आणि अर्धा तास माझ्याशी एकही इंग्रजी शब्द बोलल्या नाहीत. वर्गात वर्षभरात एवढं सलग बोलणं झालं नव्हतं.