मदत हवी आहे: नाकाबंदीत मोबाइलमधील कागदपत्रे नाकारून चलन केले, दाद कशी मागावी?

नमस्कार.

एका ई-चलनाविरुद्ध दाद मागायची आहे आणि त्याच्याशी जोडलेला एक मोठा प्रश्नही विचारायचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे. माझे वडील गेली 22 वर्षे बंदरावरून मासळी उचलून महामार्गालगतच्या बाजारांत पोहोचवतात. गाडी म्हणजे एक छोटा हत्ती आणि त्यात बर्फ भरलेले थर्माकोलचे खोके; आमचे घर त्यावरच चालते. तालुक्याचे आणि पोलीस ठाण्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

दिवाळीच्या सुटीतला बुधवार होता, म्हणजे मासळीला उठाव असलेला दिवस. सकाळी साडेसहाच्या सुमारास, उतार संपून रस्ता वळतो तिथे लावलेल्या नाकाबंदीत बाबांना थांबवले. लायसन्स कार्ड खिशात होते, ते त्यांनी दाखवले. आरसी, विमा, फिटनेस आणि पीयूसी मात्र मोबाइलमध्ये डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर होते. ही व्यवस्था मीच करून दिली होती, कारण गेल्या पावसाळ्यात विम्याचा कागद डॅशबोर्डवर भिजून त्याचा लगदा झाला होता. ‘आता कागद सोबत नेण्याची गरज नाही,’ असे मीच त्यांना सांगितले होते आणि हे मला अजूनही बोचते. त्या वळणावर बाबांच्या मोबाइलला रेंज नव्हती, ॲप उघडत नव्हते. अंमलदारांनी मूळ कागदांचाच आग्रह धरला, गाडी बाजूला घ्यायला लावली आणि चाळीस मिनिटांनी कागदपत्रे सादर न केल्याबद्दल 500 रुपयांचे चलन केले. तेवढ्या वेळात बर्फाचे पाणी फाळक्यातून रस्त्यावर गळत होते. बाजारात पोहोचेपर्यंत सकाळचे गिऱ्हाईक निघून गेले होते आणि बांगडा पडेल भावाने द्यावा लागला.

माझी अडचण अशी आहे की ज्या यंत्रावर चलन निघाले, त्यात गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची माहिती समोर येते. चलनाचा संदेश बाबांना पुढे रेंज आल्यावर मिळाला, पण त्यावरची वेळ नाक्यावरचीच आहे. म्हणजे त्या यंत्राला तिथे रेंज होती. मग त्याच यंत्रावर आमची कागदपत्रे तपासता आली नसती का?

दुसरी गोष्ट निवडीची. त्या चाळीस मिनिटांत बाबांच्या डोळ्यांदेखत पर्यटकांच्या कितीतरी गाड्या न थांबता गेल्या, त्यांपैकी दोन गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म होती. थांबवले ते मासळीचे टेम्पो, वाळूची एक गाडी आणि मागे टोपली बांधलेले दुचाकीवाले. मला पोलिसांवर सरसकट आरोप करायचा नाही. गौरी-गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा हेच लोक दिवसदिवस पावसात उभे असतात, हे मी पाहिले आहे. 31 डिसेंबरला किनाऱ्याच्या रस्त्यावर मद्यपी चालकांची तपासणी झाली नाही तर रात्री घराबाहेर पडायला आम्हालाच भीती वाटेल. पण रोज त्याच वाटेने जाणारा, वाद घालायला ज्याच्याकडे वेळ नाही असा माणूस हातात सहज सापडतो म्हणून त्यालाच पुन्हा पुन्हा थांबवणे न्याय्य आहे का, हे मला मनापासून विचारायचे आहे. त्या वळणावर मागून येणाऱ्या गाडीला इशारा म्हणून एक शंकूसुद्धा ठेवलेला नव्हता, हीदेखील मला गंभीर बाब वाटते.

चलन भरून मोकळे व्हावे, असे बाबांचे म्हणणे आहे, कारण रोज त्याच रस्त्याने जायचे आहे. दंड भरला तर चूक मान्य केल्यासारखे होईल, असे मला वाटते. तक्रार नेमकी कुठे करावी, आणि कुणाला थांबवायचे याचा काही लेखी नियम असतो का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

ताई, तुमच्या वडिलांची बाजू भक्कम आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 130 नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास कागदपत्रे दाखवावी लागतात. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 139 मध्ये नोव्हेंबर 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतात. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथे चलन क्रमांक, त्या दिवशी वैध असलेल्या विमा, फिटनेस व पीयूसीच्या प्रती आणि घटनेची वेळ द्यावी. त्याच मजकुराचा अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे देऊन पोच घ्यावी. लोकअदालतीत प्रकरण तडजोडीने मिटते, चलन चूक होते की बरोबर याचा निवाडा तिथे होत नाही, हे लक्षात घेऊनच तो मार्ग निवडावा.

कोणती गाडी थांबवावी याचा निकष कायद्यात दिलेला नाही. तो अधिकार मोकळा आहे आणि भेदभावाची तक्रार म्हणूनच सिद्ध करणे कठीण जाते. त्यासाठी माहिती अधिकारात, 10 रुपये शुल्क भरून, त्या ठिकाणच्या नाकाबंदीचा आदेश आणि महिन्याभरातील चलनांची वाहनप्रकारानुसार संख्या मागावी. उत्तर साधारणपणे 30 दिवसांत मिळायला हवे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे वाचून दाखवले. संकेतस्थळावर तक्रार करायला ते तयार झाले आहेत, पण माहिती अधिकाराच्या अर्जावर स्वतःचे नाव नको म्हणतात. तो अर्ज मी माझ्या नावाने करणार आहे. सर्व कागदांच्या छापील प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेवल्या आहेत. एकच विचारायचे राहिले: अर्जात नाकाबंदीचे ठिकाण किलोमीटरच्या दगडाच्या क्रमांकाने लिहिले तर चालेल का, की गावाची हद्दही द्यावी लागेल?