व्हिएन्नात तीन दिवस, सोबत सासरे आणि लेक: कोणती संग्रहालयं ठेवू, कोणती सोडू?

रानजाई
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये व्हिएन्नाला जातोय, मंगळवार ते गुरुवार. सोबत सासरे आहेत. वय ७४, शाळेत इतिहास शिकवायचे. गुडघे कुरकुरतात, पण संग्रहालय म्हटलं की सगळ्यांच्या आधी तयार. आणि मुलगी, १३ वर्षांची, हातात कायम पेन्सिल. यादी करायला बसले तर कुन्स्टहिस्टोरिशेस, बेल्वेडेअर, अल्बर्टिना, लिओपोल्ड, शात्झकामर... संपेचना. सगळीकडे पळत गेलो तर कुणालाच धड काही बघायला मिळणार नाही अशी भीती वाटते. दोघांनाही आवडेल असं काय निवडावं?

रेघोट्या
रानजाई, मी व्हिएन्नात राहते, मुलांना चित्रकला शिकवते. एकच ठेवायचं असेल तर कुन्स्टहिस्टोरिशेस, म्हणजे कलेच्या इतिहासाचं संग्रहालय, ठेवा, आणि तेही गुरुवारी दुपारनंतर. गुरुवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं, आणि सहलीचे गट जेवायला गेले की दालनं मोकळी होतात. मुलीला तिकीट लागणार नाही, १९ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे.

आजोबांचा इतिहास आणि मुलीची चित्रं तिथे वेगळी काढताच येत नाहीत. १८९१ साली ही इमारत उघडली ती हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा संग्रह मांडायला. त्यामुळे आतल्या कितीतरी चित्रांमागे कुठला तरी राजा, कुठला तरी तह, कुठलं तरी लग्न आहे. व्हेलास्केथ या स्पॅनिश चित्रकारानं काढलेली स्पेनची राजकन्या मार्गारीता बघा. गुलाबी पोशाखात जेमतेम दोन-तीन वर्षांची, मग पांढऱ्या पोशाखात, मग १६५९ मध्ये निळ्या पोशाखात आठ वर्षांची. ही चित्रं माद्रिदहून इथे आली, कारण तिचं लग्न सम्राट लिओपोल्डशी व्हायचं होतं आणि मुलगी कशी वाढतेय हे इकडे कळायला हवं होतं. सासरी फोटो पाठवतात, तसंच ते. लिओपोल्ड तिचा सख्खा मामा. १६६६ साली ती इथे आली तेव्हा १५ वर्षांची होती आणि २१ व्या वर्षी वारली. तुमच्या लेकीला तिचं वय सांगा आणि मग निळ्या पोशाखासमोर थोडा वेळ उभं राहू द्या. तो निळा रंग जवळून नुसते फराटे दिसतात, चार पावलं मागे सरकलं की रेशीम होतं. हे पुस्तकातल्या छापील चित्रात कधीच कळत नाही.

पण माझा जीव आहे तो ब्रॉयगेलच्या दालनात. सोळाव्या शतकातल्या थोरल्या पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराची एवढी चित्रं जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नाहीत. ‘बर्फातले शिकारी’ (१५६५) समोर बाकावर बसा आणि घाई करू नका. आधी तीन शिकारी आणि पाठीमागून येणारी कुत्री दिसतात. मग लक्षात येतं की एवढ्या पायपिटीनंतर काठीला लटकलाय एकच कोल्हा. डावीकडे खाणावळीची पाटी एका बाजूनं निखळून लोंबतेय, खाली विस्तव पेटवलाय. उजवीकडे खाली पुलावरून एक बाई मोळी घेऊन चाललीये. गोठलेल्या तळ्यावर पोरं घसरतायत. लांबवर एका घराच्या धुराड्याला आग लागलीये आणि माणसं शिडी लावून धावतायत. चित्रकारानं यातलं काहीही ओरडून सांगितलेलं नाही, सगळं तुमच्या नजरेवर सोडलंय. वर्षाच्या ऋतूंवरची ही मालिका होती. तिची पाच चित्रं उरली आहेत, त्यातली तीन याच दालनात. एक प्रागला, एक न्यूयॉर्कला.

ही दोन दालनं झाली, थोडं चहापाणी झालं, तर खाली कुन्स्टकामर या मौल्यवान कलावस्तूंच्या विभागात चेलिनी या इटालियन सोनाराचं सोन्याचं मीठपात्र बघा. २००३ साली चोरानं परांचीवरून चढून ते पळवलं आणि २००६ मध्ये ते जंगलात पुरलेलं सापडलं. तेरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट नक्की आवडेल. बाकी इजिप्त, ग्रीस, नाणी, खुशाल सोडा. ती सुंदर नाहीत असं मुळीच नाही. पण ब्रॉयगेल बघून आलेल्या डोळ्यांना आणखी मूर्ती दाखवणं हा दोघांवर अन्याय आहे.

लिफ्ट आहे, पण आजोबांना जमलं तर एकदा मुख्य जिन्यानं सावकाश वर न्या. खांबांच्या वरच्या कोपऱ्यांत व्हिएन्नाचा चित्रकार क्लिम्ट यानं तरुणपणी रंगवलेल्या आकृती आहेत. ‘द किस’ या त्याच्या प्रसिद्ध चित्राच्या कितीतरी आधीचा हा क्लिम्ट. जड कोट गार्डरोबमध्ये ठेवून जा, अंगावर कोट घेऊन दोन तास फिरणं तरुणांनाही झेपत नाही.

गडवाट
रेघोट्यांना अनुमोदन. फक्त सरांसाठी एक भर घालतो. कार्ल्सप्लाट्झ चौकाजवळ वीन म्युझियम, म्हणजे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय, आहे, २०२३ च्या डिसेंबरात नूतनीकरणानंतर उघडलं, कायमचं प्रदर्शन सगळ्यांना मोफत. तटबंदी असतानाच्या जुन्या शहराची मोठी प्रतिकृती तिथे आहे. ती आधी बघा. १८५७ नंतर सम्राट फ्रान्झ योझेफनं तो तट पाडायला लावला आणि त्या जागी रिंगश्ट्रासे हा शहराभोवतीचा रस्ता झाला. कुन्स्टहिस्टोरिशेस त्याच रस्त्यावर आहे. आधी प्रतिकृती आणि मग इमारत, या क्रमानं गेलात तर शहराची रचना आपोआप उलगडते.

दुसरं लष्करी संग्रहालय, आर्सेनाल या जुन्या लष्करी वसाहतीतलं. सारायेवोत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली तेव्हा तो ज्या गाडीत होता ती गाडी आणि त्याचा रक्ताचे डाग असलेला गणवेश तिथे आहे. पहिलं महायुद्ध फळ्यावर शिकवलेल्या माणसाला ती गाडी बघून काय वाटेल, हे मी सांगायला नको. तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्याच्या वस्तूही आहेत. तो वेढा १६८३ चा. सरांना सांगा, तेव्हा इकडे संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते.

रानजाई
दोघांचेही मनापासून आभार! सासऱ्यांना वाचून दाखवलं, १६८३ ऐकून ते उठून जुनी वही शोधायला गेले. मंगळवारी वीन म्युझियम, बुधवारी आर्सेनाल, गुरुवारी ब्रॉयगेल असं ठरतंय. लेक विचारतेय, अल्बर्टिनात ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा ससा बघायला मिळेल का? आणि ब्रॉयगेलसमोर बसून चित्र काढू देतात का?

रेघोट्या
छान क्रम लागला. सशासाठी मात्र अल्बर्टिनाला जाऊ नका. १५०२ सालचं ते जलरंगातलं काम आहे, उजेडानं खराब होतं म्हणून मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात. एरवी असते ती प्रतिकृती. लेकीला हे आधीच सांगा, तिथे जाऊन कळलं तर हिरमोड होईल.

चित्र काढायला पेन्सिल आणि छोटी वही न्या, रंग नकोत, आणि आत शिरताना पहारेकऱ्याला विचारून घ्या. तिला ब्रॉयगेलचाच ‘बाबेलचा मनोरा’ (१५६३) काढायला सांगा, पण अख्खा नाही. मनोऱ्यावर दगड चढवणारी एक यारी आहे, तिच्या मोठ्या चाकात माणसं चालतायत आणि त्यांच्या चालण्यानं दोर गुंडाळला जातोय. फक्त ते चाक काढायचं. आणि आजोबांना डाव्या कोपऱ्यातला राजा दाखवा, त्याच्यासमोर पाथरवट गुडघे टेकून बसलेत.