द्राक्षगर्भाची शंका : पी५७ तपासणी झाल्यावरही जनुकीय चाचणी करावी का?

प्रश्न :
माझ्या धाकट्या बहिणीची गर्भपिशवी दहाव्या आठवड्यात साफ करावी लागली. पॅथॉलॉजीच्या अहवालात वारेचे अंकुर सुजलेले असून अपूर्ण द्राक्षगर्भाची (वारेची असामान्य वाढ होणाऱ्या सदोष गर्भधारणेची) शक्यता नाकारता येत नाही, असे लिहिले आहे. पी५७ या प्रथिनासाठी ऊतीला रंग देऊन केलेली तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी आता जनुकीय चाचणी सुचवली आहे. बीटा एचसीजी (गर्भधारणेचे संप्रेरक) रक्तात तपासणे चालूच आहे, मग या चाचणीने वेगळे काय कळेल? आणि हे मलाही होऊ शकते का?

प्रतिसाद १ (पॅथॉलॉजिस्ट) :
पी५७ हे प्रथिन आईकडून आलेल्या जनुकापासूनच तयार होते. पूर्ण द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रे नसतात, सगळी वडिलांकडूनच आलेली असतात, त्यामुळे अंकुरांत रंग उमटत नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो उमटला, म्हणजे पूर्ण द्राक्षगर्भाची शंका जवळजवळ मिटली. परंतु अपूर्ण द्राक्षगर्भात आईचा एक आणि वडिलांचे दोन असे तीन संच, म्हणजे ६९ गुणसूत्रे असतात. तिथेही रंग उमटतो आणि साध्या गर्भपातातही उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली या दोहोंतला फरक ओळखताना अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होत नाही. नुसती गुणसूत्रे मोजूनही भागत नाही, कारण ६९ पैकी दोन संच आईचे असतील तर तो द्राक्षगर्भ नव्हे. म्हणून काढलेली ऊती ज्यात जपलेली असते त्याच मेणाच्या ब्लॉकमधून अंकुर आणि आईची ऊती वेगवेगळी खरवडून त्यांच्या डीएनएच्या खुणा ताडून पाहतात. वडिलांचा नमुना सहसा लागत नाही. प्रयोगशाळेला तो ब्लॉक जपून ठेवायला आजच सांगा.

प्रतिसाद २ :
ताई, मी यातून गेले आहे. माझ्या अहवालातही अशीच शंका होती. चाचणीत आईवडिलांचा वाटा समसमान निघाला, द्राक्षगर्भ नव्हताच, आणि त्यानंतर डॉक्टरांनी पुढच्या गर्भधारणेला परवानगी दिली. द्राक्षगर्भ असता तर एचसीजीवर लक्ष ठेवत काही महिने थांबावे लागले असते; सदतिसाव्या वर्षी ते महिने माझ्यासाठी फार मोलाचे होते. मात्र अहवाल हाती येईपर्यंत मी एकही एचसीजी चुकवली नाही. तुमच्या बहिणीनेही चुकवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद ३ (पॅथॉलॉजिस्ट) :
अगदी बरोबर. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के स्त्रियांमध्ये उरलेली ऊती वाढत राहते आणि त्यांना पुढे केमोथेरपीसारखे उपचार लागतात. अपूर्ण प्रकारात हे प्रमाण बरेच कमी असले तरी शून्य नाही, म्हणून एचसीजीवर लक्ष ठेवावेच लागते.

तुमच्या स्वतःविषयी : बहुतेक द्राक्षगर्भ हा फलनाच्या क्षणी घडलेला अपघात असतो, त्यामुळे बहिणीला एकदा झाला म्हणून तुम्हाला वेगळी तपासणी लागत नाही. एकाच स्त्रीला वारंवार पूर्ण द्राक्षगर्भ होत असेल किंवा घरात आणखी कोणाला झाला असेल, तर मात्र एनएलआरपी७ हे जनुक तपासावे. त्याचा दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे आते-मामे भावंडांत लग्ने झालेल्या घरांत हा इतिहास आवर्जून विचारावा. अशा स्त्रियांच्या द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रे असूनही पी५७ निगेटिव्ह येते, आणि निरोगी मूल होण्यासाठी त्यांना बहुधा दात्या स्त्रीचे बीज घ्यावे लागते.