कार्टिएच्या बंद झालेल्या मालिकेतलं तोर्तू (कासवाच्या आकाराचं) घड्याळ सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

कमानवाला (नागपूर): 'कलेक्सिओं प्रिव्हे कार्टिए पारी', म्हणजे सीपीसीपी या मालिकेतली दोन काट्यांची, चावीची सोन्याची तोर्तू विकायला आली आहे. बॉक्स आहे, पेपर नाहीत. मालिका १९९८ ते २००८ एवढीच चालली, म्हणून साधं मॉडेल त्या नावावर खपवलं जाण्याची भीती वाटते. काय पाहू? आणि इथल्या हवेत ठेवायची कशी?

तीन_काटे: भाऊ, पहिले डायल बघा. 'कार्टिए'खाली 'पॅरिस' हवं आणि मधोमध पाकळ्यांसारखं गिलोशे कोरीवकाम. रोमन आकड्यात लपवलेल्या बारीक सहीवर जाऊ नका, ती साध्या मॉडेलांवरही असते. लूपखाली (घड्याळजीच्या भिंगाखाली) कोरीव रेघा बुजल्यासारख्या दिसल्या की डायल पुन्हा रंगवलेली समजा, मग सौदा सोडलेलाच बरा.

झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. अशा बऱ्याच घड्याळांत ४३०एमसी मशीन असतं, म्हणजे मुळात पियाजेचं ४३०पी, जाडी फक्त २.१ मिमी. पुलांवर (मशीनची चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) एकमेकांत गुंतलेल्या दोन 'सी'ची नक्षी दिसली पाहिजे. टाइमग्राफर (घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) तासाला २१,६०० ठोक्यांवर लावा. पूर्ण चावी, डायल वरच्या बाजूला: अँप्लिट्यूड (आतल्या बॅलन्स चाकाचा झोका) २७० अंशांच्या आसपास. २४ तासांनी २०० च्या खाली गेलं तर तेल वाळलंय, ओव्हरहॉलिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

घटिका_४४: केसही मोजा. तोर्तूचा आकार १९१२चा, सगळं सौंदर्य त्या फुगीर कडांत आहे. व्हर्नियरने चारही कान (पट्टा अडकवायची टोकं) मोजा. एक बारीक निघाला किंवा हॉलमार्क पुसट झाला असेल, तर बफिंग (घासून पॉलिश) जास्त झालंय. गेलेलं सोनं परत येत नाही.

कमानवाला: एका काट्याच्या टोकाला तांबूस ठिपका आहे.

घटिका_४४: गंज आहे तो. काटे पोलादाचे, निळा रंग तापवून आणलेला, म्हणजे वर फक्त ऑक्साइडचा पातळ थर. घासला की निळाईही जाते. ओल कुठून शिरली ते आधी शोधा, बहुतेक क्राउनच्या (चावी द्यायच्या बोंडाच्या) गॅस्केटमधून, म्हणजे ओल अडवणाऱ्या रिंगमधून.

नागपुरात लोक पावसाळ्याला घाबरतात, पण खरा त्रास मे महिन्यात सुरू होतो. बाहेर ४५ अंश कोरडं आणि खोलीत कूलरची दमट हवा! कूलरच्या खोलीत घड्याळ उघडं ठेवू नका. हवाबंद डब्यात १० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाका आणि दाण्यांचा रंग बदलला की नवीन पुडी घाला. घामाचा पट्टा त्या डब्यात नको, आधी पंख्याखाली वाळवा.

तीन_काटे: आणि चावी रोज एकाच वेळी, हातातून काढून. अडली की थांबा, इतक्या पातळ मशीनवर जोर लावायचा नसतो.