'तांतो'ला मराठीत काय म्हणावे: कट्यार, खंजीर की सुरा?

रानफूल
एका जुन्या जपानी 'तांतो'वरचा लेख मराठीत आणते आहे. घडवणारा आवातागुची योशिमित्सु, तेराव्या शतकातला, क्योटोच्या पूर्व वेशीजवळच्या आवातागुची भागातला. त्याचे रोजचे नाव तोशिरो. तांतो घडवण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. मी तीन ठिकाणी अडले आहे. तांतोला कट्यार म्हणू की खंजीर? घडवणाऱ्याला शिकलगार म्हटलेले चालेल का? आणि त्याच्या एका नामांकित पात्याला 'यागेन तोशिरो' म्हणतात, त्या नावाचे काय करू?

दुर्गवेडा
कट्यार अजिबात नको. कट्यारीची मूठ आडवी, दोन दांड्यांच्या मध्ये धरायची. हात सरळ पुढे नेऊन ती खुपसतात, आणि पाते दुधारी. खंजीर म्हटले की मराठी वाचकाला वाकडे, दुधारी पाते दिसते. जंबियाचेही तेच. बिचवा तर नागमोडी. तांतो एकधारी असतो आणि जवळजवळ सरळ. योशिमित्सुच्या काळातल्या काही पात्यांची पाठ तर उलटी, धारेकडे किंचित झुकलेली असते. लांबी एक शाकूच्या आत, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत. आपल्याकडे याला सरळ सुरा म्हणतात. मी 'तांतो' ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'आखूड जपानी सुरा' असे लिहीन.

रानफूल
सुरा म्हटले की खाटकाचा सुरा डोळ्यांपुढे येतो, म्हणून बिचकत होते.

दुर्गवेडा
येऊ द्या. मासामुने या नामवंत जपानी कारागिराने घडवलेल्या तीन प्रसिद्ध तांतोंना जपानी लोकच 'होचो', म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी, म्हणतात. पाती रुंद आणि बुटकी आहेत म्हणून. तिन्ही तिथला राष्ट्रीय ठेवा आहेत. त्या नावाने त्यांचा मान कमी झालेला नाही.

लोहसार
शिकलगाराबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे, कारण हा घोळ छापील भाषांतरांतही दिसतो. शिकलगार हत्याराला धार आणि झळाळी देतो; तो शब्द फारसी 'सैकलगर'वरून आला. पोलाद तापवून, ठोकून, दुमडून पाते उभे करणारा तो लोहार. जपानमध्येही ही दोन वेगळी घराणी. घडवणारा वेगळा आणि घासणारा 'तोगिशी' वेगळा. तोगिशी एकापेक्षा एक बारीक दगडांवर पाते घासत जातो आणि शेवटी दगडाची पातळ चकती अंगठ्याखाली धरून एकेक इंच उजळवतो. योशिमित्सुला शिकलगार म्हटले तर त्याचे निम्मे काम दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि दुसऱ्याचे त्याच्या.

लोहाराच्या कामाला मात्र मराठीत नेमका शब्द आहे: पाणी देणे. पात्याला मातीचा लेप लावतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते ती 'हामोन'. योशिमित्सुची हामोन बहुधा सरळ आणि शांत असते. तिच्यासाठी 'पाण्याची रेघ' असे लिहा, मराठी लोहाराला लगेच कळेल.

आणि हो, सही. मुठीच्या आत जो पात्याचा भाग जातो त्यावर तो 'योशिमित्सु' अशी दोनच अक्षरे कोरी. तिथला गंज मुद्दाम काढत नाहीत. पात्याचे वय जाणकार त्यावरूनही ताडतात. भाषांतरात 'गंजलेले' असे लिहाल तर वाचकाला हेळसांड वाटेल. 'जुना गंज जपलेला' म्हणा.

तळटीप
यागेन म्हणजे औषधी मुळ्या दळायचे लोखंडी साधन: होडीसारखी लांबट पन्हळ, आणि तिच्यात मागेपुढे फिरवायचे दांडीचे चाक. खल म्हणाल तर आकार चुकेल, बत्ता तर त्यात नाहीच. नाव तसेच ठेवा आणि कथा सांगा. १४९३ साली हाताकेयामा मासानागा हा सरदार वेढ्यात सापडला. पोट चिरून घ्यायला त्याने हा तांतो उपसला, पण पाते पोटात शिरेना. चिडून त्याने तो भिरकावला, तर तो यागेनच्या लोखंडात आरपार घुसला! तेव्हापासून तोशिरोचे पाते धन्याचा जीव घेत नाही, अशी समजूत झाली. ते पाते पुढे सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्याकडे गेल्याचे सांगतात.

योशिमित्सुचाच 'आत्सु तोशिरो' हा तांतो मात्र आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 'आत्सु' म्हणजे जाड. चिलखत भेदायला केलेले ते पाते बोटभर रुंद दिसते, पण पाठ चांगलीच जाड आहे. तिथे 'चिलखतफोड' हा शब्द बेधडक वापरा.

रानफूल
सुरा, लोहार, पाण्याची रेघ हे तिन्ही घेतले. यागेन तसेच ठेवते, तळाशी दोन ओळींची टीप देऊन.

दुर्गवेडा
एक राहिले. 'टँटो' लिहू नका. जपानी उच्चारात दंत्य 'त' आहे, इंग्रजीतून येताना त्याचा 'ट' होतो. टोकियो, क्योटो आपल्याकडे रुळले, ते राहू द्या. तांतो अजून रुळायचा आहे, तर तो पहिल्यापासून नीट लिहिलेला बरा.